बोगदा खणला कोणी?

फ्रीडरिश ड्यूरनमाट या स्विस लेखकाची ‘बोगदा’ ही १९५२ सालची कथा आम्ही पंधरा वर्षे शिकवीत आलो. चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी नेहमीच्या गाडीने निघतो, गाडी नेहमीच्या छोट्याशा बोगद्यात शिरते आणि त्या दिवशी तो बोगदा संपतच नाही. फळ्यावर आम्ही मोठ्या ऐटीत लिहीत असू : बोगदा = अस्तित्वाची पोकळी. (समीक्षकाला बरोबरीच्या चिन्हाचा मोह सुटत नाही तो नाहीच.) विद्यार्थी ते उतरवून घेत आणि परीक्षेत आमचे आम्हांला परत करीत.

एके वर्षी रत्नागिरीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण हा बोगदा खणला कोणी?” वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. तास संपल्यावर ती म्हणाली की तिचे वडील कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात फोडलेला दगड बाहेर काढण्याच्या कामावर होते. अजूनही गाडी त्या बोगद्यात शिरली की ते खिडकी लावून घेतात आणि उजेड येईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. साडेसहा किलोमीटरांचा हा बोगदा २०१३ साली पीर पंजालचा बोगदा सुरू होईपर्यंत भारतात सर्वांत लांब होता, हे आम्हांला पाठ होते. ते खणणाऱ्यांविषयी आम्हांला एक वाक्यही ठाऊक नव्हते.

ड्यूरनमाटचा बोगदा कल्पनेतला. तेव्हा त्याच्याच देशातला खरा बोगदा आम्ही वाचायला घेतला. गोटहार्डचे काम १८७२ साली सुरू झाले. आल्प्सच्या पोटातून पंधरा किलोमीटर, मुदत आठ वर्षांची, उशीर झाल्यास दिवसागणिक दंड. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ च्या जुलैत बोगद्यातच हृदयविकाराने गेला. पुढल्या फेब्रुवारीत उत्तरेकडून ग्योशेनेनचे आणि दक्षिणेकडून आयरोलोचे कामगार एकमेकांना भेटले, तेव्हा मधल्या भोकातून सर्वांआधी पलीकडे गेली ती फाव्रची तसबीर. दोन्ही बाजूंच्या खोदाईत आडवा फरक अवघा ३३ सेंटिमीटर! १८८२ साली वाहतूक सुरू झाली आणि १९०६ मध्ये सिंप्लॉन येईपर्यंत जगातील सर्वांत लांब बोगद्याचा मान गोटहार्डकडे राहिला. तसबिरीची ही गोष्ट आम्हांला इतकी आवडली की आम्ही तेथेच थांबणार होतो. चांगल्या गोष्टीपाशी थांबण्याची खोड आमच्या व्यवसायाला आहेच.

थांबलो नाही, ते त्या मुलीमुळे. कामगार बहुतेक इटालियन. आत उष्मा, सुरुंगाचा धूर, गुडघ्याएवढे पाणी. १८७५ च्या जुलैत ग्योशेनेनला त्यांनी काम बंद पाडले. सशस्त्र दल बोलावण्यात आले आणि गोळीबारात चौघे ठार झाले. शौचाची सोय नसल्याने त्या उबदार चिखलात अंकुशकृमी माजले. ते पायांच्या कातडीतून शरीरात शिरत आणि आतड्यात बसून रक्त शोषीत. धट्टीकट्टी माणसे पांढरीफटक पडत. तूरिन येथील पेरोंचितो यांनी १८८० साली या रोगाचे कारण दाखवून दिले, तेव्हा बोगदा आरपार झालेला होता. अपघातांत सुमारे दोनशे माणसे गेली. या आजाराने घरी जाऊन मेलेल्यांची गणना त्या आकड्यात नाही.

त्याच मुलखातील शिल्पकार व्हिन्चेन्झो व्हेला याने १८८२ साली, कोणी सांगितले नसताना, एक उत्थित शिल्प घडविले : मेलेल्या सोबत्याला वाहून नेणारे कामगार. फाव्रची तसबीर लगोलग पलीकडे गेली होती. हे शिल्प कांस्यात ओतून आयरोलोला उभे राहायला १९३२ साल उजाडले. २०१६ पासून त्याच पर्वताखालून ५७ किलोमीटरांचा नवा बोगदा जातो. स्पर्धापरीक्षावाले आता त्याचा आकडा पाठ करतात. तो खणताना नऊ कामगार दगावले.

पुढल्या वर्षी कथेबरोबर व्हेलाच्या शिल्पाचे छायाचित्रही आम्ही वर्गात नेले. ते परीक्षेला आहे का, असे दोघांनी विचारले. ती मुलगी तोवर महाविद्यालय सोडून गेली होती. गठ्ठा आवरताना तिची उत्तरपत्रिका हाती लागली. बोगद्याच्या प्रतीकाविषयीच्या प्रश्नाला तिने लिहिले होते : बोगदा म्हणजे अस्तित्वाची पोकळी. आम्ही दहांपैकी आठ गुण दिले होते.