तीन बोटांचे माप

वाचकहो, आपले तोंड किती उघडते, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय? वयाच्या 68 व्या वर्षापर्यंत मी ते मोजले नव्हते. गेल्या हिवाळ्यात यवतमाळात थंडी उतरली आणि सकाळी ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास घेताना माझ्या उजव्या कानापुढे कळ उठू लागली. जबडा उघडताना ‘कट्’ असा आवाज येई. मी तो कानाचाच विकार समजले. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले (तसे करू नये, हे मागाहून कळले), घरातल्या वेदनाशामक गोळ्याही संपवल्या.

अखेर दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी दोन्ही कानांपुढे माझीच बोटे ठेवायला लावून तोंड उघडायला सांगितले. बोटांखाली जे हलते, तो जबड्याचा सांधा. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचे टोक बसते आणि मध्ये एक लवचिक चकती असते. डाव्या दाढा गेल्यापासून मी केवळ उजवीकडेच चावत होते, त्याचा भार या सांध्यावर पडला होता. मग त्यांनी विचारले, “आजी, घरी कोणी आजारी आहे का?”

आमचे यजमान दोन वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. रात्री दोनदा त्यांची कूस बदलावी लागते. त्या क्षणी मी दात घट्ट आवळते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर उमगले. रुग्णसेवा करणाऱ्या वाचकांनो, आत्ताच पाहा, आपले दात एकमेकांवर टेकले आहेत काय? चावणे-गिळणे सोडता ते सुटे असावेत, ओठ मात्र मिटलेले.

उपचार साधाच होता. दिवसातून दोनदा ओल्या कोमट कापडाचा पंधरा मिनिटे शेक, भाकरी दुधात कुस्करून, जांभईच्या वेळी हनुवटीखाली मूठ, आणि जीभ टाळूला लावून तोंड सावकाश उघडण्या-मिटण्याचा व्यायाम. डावीकडे अर्धी कवळी बसवली. दीड-दोन महिन्यांत कळ ओसरली. थंडीच्या सकाळी अजूनही जबडा थोडा आखडतो, त्याचे मी फारसे मनावर घेत नाही. परंतु जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत जडपणा वा घाम आला, तर ते हृदयाचे असू शकते. चावताना जबडा भरून येऊन कानशिलही दुखू लागले व दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यात डोळा जाण्याचे भय असते.

माप राहिलेच. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावली पाहिजेत. एका संध्याकाळी घरात हा खेळच झाला. सर्वांची मावली. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या 22 वर्षांच्या पुतण्याची मात्र दीडच बोटे गेली. “मोठी आई, माझं तोंडच लहान आहे,” म्हणून तो हसला. मी हसले नाही. ठेचा झोंबतो म्हणून त्याने तो सोडला होता, हे मला ठाऊक होते. कारण मी विचारले नव्हते.

कारण खर्रा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर डोळ्यांदेखत मिळतो. त्यातील सुपारीने तोंडाचे आतील अस्तर पांढुरके, ताठ होत जाते. सांधा निरोगी असूनही तोंड उघडत नाही. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 मध्येच या विकाराचे वर्णन ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाने केले होते. काहींना त्यातूनच पुढे कर्करोग होतो. शेक, तेल, मालीश यांनी तो बरा होत नाही. खर्रा सोडणे हीच पहिली पायरी.

त्याला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. आता रोज सकाळी आम्ही दोघे आरशापुढे उभे राहतो. मी जीभ टाळूला लावते, तो आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरतो. आरंभी अकरा मावत, गेल्या रविवारी तेरा मावल्या. परवा कपडे धुवायला काढताना त्याच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी सापडली. मी ती उशाशी ठेवली आहे. आज रात्री तो जेवून उठला की विचारणार आहे.