ओलं फडकं

आमचे आण्णा पेंटर होते. स्टँडसमोरच्या दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॉलीच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, सगळं त्यांच्या हातचं. दिवसभर उन्हात शिडीवर उभं राहून आले तरी आधी रॉकेलच्या डब्यात ब्रश धुवायचे, फडक्यानं पुसायचे आणि मगच ताटावर बसायचे. आई कुरकुरायची, “भाकरी गार होतीया.” आण्णा म्हणायचे, “भाकरी परत तापवता येती. वाळलेला ब्रश परत मऊ होत न्हाई.”

२००९च्या विधानसभेच्या आधी तालुक्याला आमच्या शेठनी फ्लेक्सची मशीन आणली. दहा फूट रुंद, चार रंगांची चार हेडं. पाट्या रंगवण्याची कामं पाण्यासारखी आटली. आण्णांचा धंदा जिनं खाल्ला, त्याच मशीनवर मी ऑपरेटर म्हणून लागलो. आण्णा काही बोलले नाहीत. एकदा येऊन मशीन बघून गेले. एवढंच विचारलं, “ह्याचा ब्रश कुठं हाय?” मी हेड दाखवलं. एका हेडाला ५१२ छिद्रं, प्रत्येक केसापेक्षा बारीक. “मग धुता कसं?” ते म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. सॉल्व्हंटची शाई म्हणजे दुधाच्या वरची. उघडी राहिली की तिच्यातलं सॉल्व्हंट उडतं आणि छिद्राच्या तोंडाशी साय धरते. ती साय वाळली की तेवढं छिद्र मुकं. मग छापताना चित्रात पांढरी रेघ उमटते. म्हणून रात्री हेडं जाग्यावर आणून खाली फ्लशिंगमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड लावायचं. सकाळी आधी थोडी शाई खाली सोडायची, एकाच दिशेनं हलक्या हातानं पुसायचं आणि चारी रंगांच्या रेघांची टेस्ट काढायची. एका कंपनीच्या शाईत दुसरीची मिसळायची नाही, फिल्टर वेळेवर बदलायचा, पंख्याचा वारा हेडावर येऊ द्यायचा नाही. पाणी तर लावायचंच नाही. काम नसलं तरी रोज वीतभर रंगीत पट्टी काढायची.

त्यात आमच्याकडं लोडशेडिंग. छपाई चालू असताना लाईट जायची आणि हेडं मशीनच्या मधोमध उघडी अडकायची. अंधारात बॅटरी तोंडात धरून हातानं ढकलत ती जाग्यावर न्यायची, ओलं फडकं लावायचं. पत्र्याच्या शेडात एप्रिल-मेमध्ये नुसती भट्टी. अर्धा तास विसरलं तरी भोवायचं.

मी दोन दिवस विसरलो. चैत्रात गावची जत्रा होती. संध्याकाळी मित्रांच्या गाड्या बाहेर हॉर्न वाजवत होत्या. मशीन बंद केली, शटर ओढलं आणि निघालो. तिसऱ्या दिवशी आलो, तर काळ्या रंगाचं हेड निम्मं मुकं. टेस्टची पट्टी उंदरानं कुरतडल्यासारखी.

नेमके तेव्हाच शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. हातात रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट फोटो. त्यांचा थोरला पोरगा विहिरीतली मोटर काढताना गेला होता. दुसऱ्या दिवशी दहावा. “लेकराचा फोटो जरा मोठा कर,” एवढंच म्हणाले आणि बाकड्यावर बसून राहिले.

छापून बघितलं. डोळ्यांवरून, केसांवरून पांढऱ्या रेघा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खालचं नाव वाचता येईना. खरं म्हणजे हेडाखाली भिजकं फडकं लावून रात्रभर थांबायला हवं होतं. साय मऊ झाली की सिरिंजनं फ्लशिंग अगदी हळू सोडायचं. पण तात्या बसलेले. मी घाई केली, सिरिंज जोरात दाबली. हेड आतून गेलं ते गेलंच. त्याच्या किमतीत दुभती म्हैस आली असती.

तात्यांना म्हणालो, “सकाळी देतो.” घरी गेलो, पण जेवण जाईना. आण्णांनी विचारलं, मी सांगितलं. ते काही न बोलता उठले, माळ्यावरची ट्रंक काढली. रात्री दुकानात फ्लेक्स जमिनीवर पसरला. गुडघे टेकून, शून्य नंबरच्या ब्रशानं, काळ्या ऑइलपेंटनं ते एकेक रेघ भरत गेले. आधी केस, मग भुवया, शेवटी डोळे. मी बॅटरी धरून होतो. मग जुन्या वळणात पोराचं नाव लिहिलं. पहाटेचे तीन वाजले असतील. उठल्यावर म्हणाले, “रॉकेल दे. ब्रश धुवायचाय.”

मला ते शब्द शिव्यांपेक्षा जास्त लागले.

सकाळी तात्यांनी फ्लेक्स उलगडून बराच वेळ पाहिला. पैसे विचारले, मी घेतले नाहीत. शेठनी हेडाचे पैसे माझ्या पगारातून वर्षभर कापले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तो फ्लेक्स वस्तीच्या फाट्यावर लागला, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होता. ऊनपावसानं छापलेला चेहरा फिका पडला. आण्णांनी लिहिलेलं नाव मात्र काळंभोर राहिलं.

आज माझं स्वतःचं दुकान आहे. हाताखालची पोरं विचारतात, “काम नसताना रोज पट्टी काढून शाई कशाला घालवायची?” मी त्यांना तात्यांची गोष्ट सांगत नाही. नुसतं म्हणतो, आधी फडकं लावा, मग डबा उघडा.