नातवाची गिटार, हिचा तंबोरा

परवाची गोष्ट. आमच्या डोंबिवलीच्या घरात नातू इलेक्ट्रिक गिटारीवर वैतागला होता. जाड तार छेडली की सूर डगमगे. आवाज मोठा यावा म्हणून त्याने पिकअप पार तारांच्या जवळ नेला होता.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उपजते. (हे मला, मराठी माध्यमातल्या बी.ए.ला, नातवानेच शिकवले!) पण चुंबक फार जवळ आला तर तारेलाच ओढतो, मोकळी थरथरू देत नाही. त्याच्या गिटारीत पिकअपच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगवाले स्क्रू आहेत. सैल केले की तो खाली उतरतो. तार शेवटच्या पट्टीवर दाबून अंतर बघायचे. जाड तारेकडे जरा जास्त, दोन-अडीच मिलिमीटर.

"आजोबा, तुम्ही ऐका, मी फिरवतो."

पाव-पाव फेरा. मी डोळे मिटले. तंबोऱ्याच्या घोडीवर मी जवारीचा दोरा सरकवायचो तेव्हा ही म्हणायची, मी ऐकते, तुम्ही सरकवा.

"थांब," मी म्हटले. सूर स्थिरावला होता.

ती गेल्यापासून सहा वर्षे तंबोरा गवसणीतच होता. संध्याकाळी बाहेर काढला. एक तार तुटलेली निघाली.