यादी

ज्या यादीतून माझं नाव कापलं, ती यादी भर चर्चमध्ये माइकवर मीच वाचून दाखवली. साल २०१६, झावळ्यांचा रविवार, सकाळची दुसरी मिस्सा. तेव्हाचे फादर बदलून गेले, पॅरिश कौन्सिलातले काही जण देवाघरी गेले, माझी नोकरी संपून पेन्शन सुरू झालं. पण तो कागद आठवला की अजून डोकं तापतं.

आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं. वाड्या, गोड्या पाण्याची बावखलं, चर्च, आणि आता मधेमधे उभे राहिलेले टॉवर. घरात बोली, चर्चमध्ये मराठी, नातवंडांच्या शाळेत इंग्रजी. बाहेरच्यांना वाटतं, ही मंडळी रविवारी तासभर चर्चला जातात आणि नाताळात केक वाटतात. प्रत्यक्षात आमचा सगळा आठवडा चर्चच्या घंटेवर चालतो आणि तो कसा जाणार हे रविवारी मिस्साच्या शेवटी कळतं. कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की फादर खुर्चीत बसतात आणि वाचक सूचना वाचतो. बुधवारी संध्याकाळी नोव्हेना. महिन्याचा पहिला शुक्रवार असेल तर फादर आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला घरी येतील, नावं ऑफिसात द्यावीत. धर्मशिक्षणाचे वर्ग पहिल्या मिस्सानंतर. गरिबांसाठी व्हिन्सेंट दी पॉलची पेटी दाराशी ठेवली आहे. अमक्या वाडीतल्या मुलाचं तमक्या गावच्या मुलीशी लग्न ठरलं आहे, कोणाला काही अडचण माहीत असेल तर फादरांना कळवावं. ऑक्टोबरात कोणत्या आळीत कधी रोझरी, डिसेंबरात गोठ्यांची स्पर्धा, प्रायश्चित्तकाळात शुक्रवारची क्रूसाची वाट कोणत्या विभागाने घ्यायची. प्रवचनात पेंगणारी माणसंसुद्धा सूचनांना कान टवकारून बसतात.

मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी ऑफिसात बसायचं, फादरांच्या चिठ्ठ्या, निरनिराळ्या मंडळांचे निरोप, मृतांसाठी सांगितलेल्या मिस्सा असं सगळं गोळा करून पत्रक टाइप करायचं, झेरॉक्सला द्यायचं आणि रविवारी वाचायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, गावात काय होणार हे सगळ्यांच्या आधी आपल्याला कळतं, यातही एक मजा असते.

तर पाय धुण्याची गोष्ट. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, ती हकिगत योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात फादर त्याची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुतात. १९५५ साली बाराव्या पायस पोपनी पवित्र सप्ताहाचे विधी नव्याने लावून दिले, तेव्हापासून हा विधी गुरुवारच्या मिस्सात होऊ लागला. नियमाने ते बारा जण पुरुषच असायचे. मग २०१३ मध्ये, पोप होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा मुलांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुसलमान. जगभर गहजब झाला. पुढे जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनने नियमच बदलला. स्त्रिया, पुरुष, म्हातारे, तरुण, आजारी, धडधाकट, कोणालाही निवडा म्हणून सांगितलं.

आमचे सहायक फादर तरुण होते, उत्साही होते. त्यांनी लगेच निरोप दिला की प्रत्येक विभागाने एक नाव द्यावं आणि स्त्रियांचाही विचार करावा. आमच्या विभागाची बैठक एका ओट्यावर झाली. शेजारच्या आजीने माझं नाव सुचवलं. मी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं, मंडळींनी रीतीप्रमाणे आग्रह केला, नाव पक्कं झालं. बारा नावांत चौघी जणी आल्या. यादी फलकावर लागली.

आता पाय म्हणजे कसले पाय! सकाळी वाडीत पाणी सोडायचं, भाजी काढायची, मग अंघोळ करून शाळा. टाचांना भेगा आणि त्या भेगांत माती इतकी मुरलेली की साबणाने निघत नाही. रोज रात्री मी बादलीत कोमट पाणी घेऊन बसायचे, वज्रीने घासायचे, खोबरेल लावून जुने मोजे घालून झोपायचे. मुलगी हसायची. म्हणायची, ‘‘आई, फादर उजवाच पाय धुतात, एकाच पायाची मेहनत घे.’’ नवरा म्हणाला, ‘‘माझ्या लग्नालासुद्धा एवढी तयारी नव्हती.’’

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ऑफिसात गेले तर टेबलावरच्या ट्रेमध्ये तीच यादी, घडी घातलेली. उघडली. चारही बायकांच्या नावांवर लाल पेनाने रेघ मारली होती, पट्टी धरून, अगदी सरळ. प्रत्येक रेघेच्या वर निळ्या शाईत एकेका पुरुषाचं नाव. माझ्या नावाच्या डोक्यावर माझ्या सख्ख्या दिराचं. बाजूला लिहिलं होतं, ‘सुधारित यादी, पत्रकात घ्यावी.’

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. नाव काढलं याचा आलाच. पण कोणी एका शब्दाने बोललं नाही याचा जास्त आला. फादर आठवडाभर सकाळच्या मिस्साला रोज समोर दिसत होते. कौन्सिलाचे लोक बाजारात भेटत होते, ‘काय बाई, बरं आहे ना?’ विचारत होते. दिराला गुरुवारीच विचारलं होतं. तो शुक्रवारी आमच्याकडे जेवायला होता, दोनदा कढी मागून घेतली, पण तोंडातून शब्द नाही. नंतर म्हणाला, ‘‘वहिनी, मला सांगू नको म्हणाले होते.’’ आणि या सगळ्यांना ठाऊक होतं की पत्रक मी टाइप करते. म्हणजे मला कळेलच, आणि सांगण्याचं अवघड काम कोणालाच करावं लागणार नाही, असा हिशेब.

मी मुख्य फादरांच्या खोलीचं दार ठोठावलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, ‘‘काही ज्येष्ठांची नाराजी आहे. पवित्र सप्ताहात वाद नको. पुढच्या वर्षी बघू.’’ मी म्हटलं, ‘‘पोपनी परवानगी दिली आहे.’’ ते म्हणाले, ‘‘परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही.’’ हे कायद्याने खरं होतं. हा विधीच मुळात ऐच्छिक आहे, करायचा की नाही हे फादर ठरवू शकतात. पण खऱ्या बोलण्यानेसुद्धा माणसाची बोळवण करता येते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

घरी नवरा म्हणाला, उद्या वाचू नको, दुसऱ्या कोणाला तरी सांग. मी म्हटलं, का? मीच वाचणार. रविवारी झावळ्यांची मिरवणूक झाली, दुःखसहनाचं लांबलचक वाचन झालं, पाय दुखून आलेली माणसं बसली आणि मी सूचनांना उभी राहिले. गुरुवारची वेळ वाचली. मग बारा नावं, विभागवार. फलकावरची जुनी यादी सगळ्यांनी पाहिलेली. दुसऱ्या बाईच्या जागी पुरुषाचं नाव आलं तेव्हा बायकांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. आमचा विभाग आला. मी दिराचं नाव वाचलं, आडनावासकट, स्पष्ट. आवाज कापला नाही. पुढची सूचना होती, ‘गुरुवारी सकाळी चर्चच्या साफसफाईसाठी सर्व महिलांनी झाडू आणि बादली घेऊन वेळेवर यावे.’ तीही वाचली. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. कोण ते मला आजवर कळलेलं नाही, पण तिचे उपकार आहेत माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी, सोमवारच्या मिस्साला, शुभवर्तमान कोणतं असावं? बेथानीची मरिया महागडं सुगंधी तेल आणून येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी पुसते. पवित्र सोमवारी दर वर्षी हेच वाचतात. म्हणजे बाईने पुरुषाचे पाय पुसले तर ते शुभवर्तमान, आणि पुरुषाने बाईचे धुतले तर वाद! तिथेही यहूदाने तेलाच्या किमतीवरून कुरकुर केलीच, आणि येशूने त्याला गप्प केलं. आमच्याकडे कुरकुर करणाऱ्यांना कोणी गप्प केलं नाही, उलट त्यांचंच ऐकलं.

कुरकुर करणारे कोण, तेही कळलं. गावात काय लपतं? सगळ्यांत पुढे होते एक काका. ‘‘बायांचे पाय फादरांनी हातात धरायचे, शोभतं का?’’ हे त्यांचं वाक्य. आता या काकांची बायको कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिला उचलणं, पुसणं, कपडे बदलणं हे सगळं ते स्वतः करायचे. सुनांना हात लावू द्यायचे नाहीत. पहिल्या शुक्रवारी फादरांबरोबर त्यांच्या घरी गेलं की काकांनी तिचे पाय धुऊन, पावडर लावून, स्वच्छ चादरीवर ठेवलेले असायचे. हा माणूस चर्चमध्ये बाईचे पाय धुतलेले बघू शकत नव्हता. मला त्यांचा अतोनात राग होता, आणि त्यांच्यासारखा नवरा गावात दुसरा नव्हता. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मिस्साची सूचनाही मीच वाचली.

त्या गुरुवारी मी गेले. झाडू घेऊन सकाळीही गेले, कारण न जाणं म्हणजे बाकीच्या बायांवर काम टाकणं. संध्याकाळी दिराचे पाय धुतले गेले. त्याने नवीन चपला घेतल्या होत्या. गौरवगीताला घंटा वाजल्या आणि मग ईस्टरच्या जागरापर्यंत बंद, त्यांच्याजागी लाकडी खटखट. रात्री आराधनेला आमच्या विभागाचा तास होता. सगळे गुडघ्यांवर. प्रार्थना काही सुचेना, मी मनातल्या मनात फादरांना पत्र लिहीत होते. ते पत्र मी कधीच पाठवलं नाही.

पुढच्या वर्षी बघू म्हणाले, पण पुढच्या वर्षीही बारा पुरुषच. मग फादर बदलले. नव्या फादरांनी कोणाला न विचारता सहा बायका, सहा पुरुष अशी यादी केली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. एवढंच होतं तर आधी काय अडलं होतं? त्या सहांत मी होते. आणि खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. स्टूल डुगडुगत होतं. पाणी गार होतं. भाचा समोर मोबाइल धरून उभा, मला हसायला सांगत होता. फादर वाकले तेव्हा त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं आणि मी विचार करत होते की यांची कंबर दुखत असेल. बाहेर बायका म्हणाल्या, ‘‘मिळालं बाई एकदाचं!’’ मिळालं! जसं काही हळदीकुंकवाचं वाण.

तेव्हापासून माझं मत फिरलं आहे. ज्या विधीत गुरूने नोकराचं काम केलं, त्याचा आपण मान करून टाकला. यादी करायची, फलकावर लावायची, माइकवर वाचायची, मग कोणाचं आलं आणि कोणाचं राहिलं यावर वर्षभर कुजबुज. मी म्हणते, नावं वाचूच नका. मिस्सा सुरू व्हायच्या आधी मागच्या बाकांवरच्या पहिल्या बारा जणांना पुढे बोलवा. आमच्या वाड्यांत मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायकांना बोलवा, त्यांच्या टाचा माझ्याहून फुटलेल्या आहेत. टॉवरमध्ये भाड्याने राहणाऱ्या, इंग्रजी मिस्साला येणाऱ्या नर्सला बोलवा. आणि ज्याचं नाव बदलायचं असेल त्याच्या घरी जाऊन आधी सांगा. हे शेवटचं पाय धुण्यापुरतं नाही, लग्नाच्या, फेस्तच्या, गायकवृंदाच्या, सगळ्याच याद्यांना लागू आहे.

२०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी वाचकपद अधिकृतपणे स्त्रियांना खुलं केलं, तेव्हा एका फादरांनी माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, फादर, इतकी वर्षं मी काय वाचत होते मग? ते हसले. मीही हसले, पण फार नाही.

यंदाच्या पवित्र सप्ताहाची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. सूचना मीच टाइप केली आहे. बैठकीत मी यादीच नको असं सांगणार आहे. ऐकतील असं वाटत नाही. यादी होईल. तीत माझं नाव घातलं तर मी नको म्हणेन, आणि घातलं नाही तर कोणी कापलं ते आधी शोधून काढेन.