कधीच न झालेले विमान

निवृत्त झालेल्या माणसाला वेळ कसा घालवावा याची चिंता पडते, असे म्हणतात. मला ती पडली नाही. शाळेच्या किल्ल्या सुपूर्द केल्या, त्याच आठवड्यात मी माडीवरच्या खोलीत रंधा, पटाशी, करवत आणि कानशी मांडल्या व एका लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती घडवावयास बसलो. बाजारातील तयार भाग जोडून केलेली प्रतिकृती नव्हे. फळीपासून आरंभ करून, प्रत्येक तुकडा आपल्या हाताने कापून केलेली. आणि मौज अशी की, हे विमान प्रत्यक्षात कधी बांधलेच गेले नाही!

त्याचे नाव 'टा १८३'. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतील फोके-वुल्फ कंपनीत, कुर्ट टांक या प्रमुख अभियंत्याच्या हाताखाली, हान्स मुल्टहोप याने त्याचा आराखडा केला. विमान जेट इंजिनावर चालावयाचे होते. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचला म्हणजे हवा त्याला फार मोठा विरोध करू लागते. पंख मागे झुकविले तर हा विरोध लांबविता येतो. मागे झुकलेल्या पंखांचा विचार, ध्वनीहून अधिक वेगाच्या संदर्भात, आडॉल्फ बुसेमान या शास्त्रज्ञाने १९३५ साली रोम येथील परिषदेत मांडला होता. म्हणून टा १८३ चे पंख सुमारे ४० अंश मागे झुकलेले होते. शेपटीचा उभा पंख त्याहूनही अधिक कललेला, आणि आडवा पंख त्याच्या थेट माथ्यावर! पण १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य कंपनीच्या ठिकाणांपर्यंत येऊन पोहोचले, तेव्हा एकही विमान तयार झालेले नव्हते. उरले ते कागद.

या विमानाच्या पंखांचा विस्तार दहा मीटर योजला होता. मी एकदशांश प्रमाण धरले. म्हणजे माझे विमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मीटर रुंद झाले. धडासाठी प्रथम प्लायवुडचा एक लांब कणा कापला आणि त्याच्या दोन्ही अंगांस ठरावीक अंतरावर अर्धगोल चकत्या बसविल्या. सांगाडा उभा राहिला, तेव्हा तो एखाद्या मोठ्या माशाच्या हाडांसारखा दिसे. त्यावर पांगाऱ्याच्या पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून सरसाने चिकटविल्या. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी ज्याचा उपयोग करीत आले, तेच हे हलके लाकूड. सांध्यांत लांबी भरली आणि काचकागदाने दिवसच्या दिवस घासले. दोन्ही पंखांचा कल सारखा यावा म्हणून पुठ्ठ्याचा एक मापक केला व तो दर टप्प्यावर लावून पाहिला. चौदा महिने हे काम चालले होते.

खरी कसोटी मात्र हातांची नव्हती. उभ्या असलेल्या वाड्याची प्रतिकृती करणारा मनुष्य अडला, तर वाड्यापाशी जाऊन मोजमाप घेऊ शकतो. मी कोठे जाणार? पुस्तकांतील आराखड्यांत मापे थोडी थोडी वेगळी आढळत. काही भाग तर कोणी रेखाटलेलेच नव्हते. म्हणून मी एका वहीत दोन रकाने आखले: 'आधार आहे' आणि 'तर्क आहे'. प्रत्येक भाग बसविण्यापूर्वी त्याची नोंद एका रकान्यात करावयाची, असा नियम घालून घेतला. पंखांचा कल पहिल्या रकान्यात गेला. वैमानिकापुढील लहान लहान तबकड्यांची मांडणी दुसऱ्यात. एका पाहुण्याने त्या तबकड्या पाहून "अगदी हुबेहूब!" असे उद्गार काढले, तेव्हा मी त्यांच्यापुढे वही उघडून ठेवली. तर्क करणे वाईट नाही. तर्काला सत्याचा पोशाख चढविणे वाईट.

शेजारचा सातवीतला एक मुलगा रोज संध्याकाळी काम पाहावयास येई. एके दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, एवढे सुंदर विमान झाले नाही, याचे तुम्हांला वाईट वाटते का?"

प्रश्न लहान होता; उत्तर सोपे नव्हते. मी हातातला काचकागद खाली ठेवला. म्हणालो, "बाळ, या रेषा काढणाऱ्याची बुद्धी मोठी होती, यात शंका नाही. पण हे विमान हिटलरच्या राजवटीसाठी व्हावयाचे होते. त्या राजवटीने लाखो निरपराध माणसे मारली. तेथील विमान-कारखान्यांत पकडून आणलेल्या लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जाई. हे विमान झाले असते, तर युद्ध कदाचित आणखी लांबले असते. ते झाले नाही, हेच बरे झाले."

"मग ती बुद्धी वाया गेली?" त्याने पुन्हा विचारले.

तेव्हा मी त्याला पुढची हकीकत सांगितली. कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनात गेले. तेथे त्यांनी केलेल्या 'पुल्की २' या विमानात टा १८३ ची ठेवण स्पष्ट दिसते. १९५६ साली ते भारतात आले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात आपल्या अभियंत्यांसह 'मरुत' या लढाऊ विमानाच्या कामास लागले. त्यांनी आधी काय केले असेल? पूर्ण आकाराचे, बिनइंजिनाचे, लाकडी विमान! दुसऱ्या विमानाने ओढून ते आकाशात नेत आणि सोडून देत. १९५९ मध्ये त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. पुढे १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मरुत प्रथम उडविले. योग्य इंजिन न मिळाल्याने त्याला अपेक्षित वेग कधी गाठता आला नाही. तरी १९७१ च्या युद्धात त्याने देशाची सेवा केली. मरुत हेही युद्धाचेच साधन होते. पण ते जनतेने निवडलेल्या आणि जनतेला जाब देणाऱ्या सरकारच्या हाती होते. कौशल्य तेच, ते कोणाच्या हाती पडते, यावर त्याचे मोल ठरते.

माझी प्रतिकृती पूर्ण झाली. तिची उजवी बाजू गुळगुळीत आहे. डावी मी मुद्दाम उघडी ठेवली, आतील फासळ्या मुलांना दिसाव्यात म्हणून. तिच्या शेपटीवर मी त्या राजवटीचे चिन्ह काढले नाही. आता ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत आहे आणि तिच्याजवळ ती दोन रकान्यांची वहीही आहे. मुले प्रथम विमान पाहतात, मग वही उघडतात. वहीच्या शेवटच्या पानावर मी एक तिसरा रकाना आखला आहे. त्याचे शीर्षक आहे: 'कोणासाठी?' तो कोरा आहे. पुढे तुम्ही जे काही घडवाल, त्याच्याविषयी तो तुम्हीच भरावयाचा आहे.