हाताला उशिरा कळते

मी तीस वर्षे गणित शिकविले. "अरे, एवढे सोपे करून सांगितले, तरी तुला कसे कळत नाही?" हा प्रश्न त्या काळात मी किती मुलांना विचारला असेल, त्याची गणती नाही. त्याचे उत्तर मला निवृत्तीनंतर मिळाले, आणि तेही बेळगावातील एका क्रीडागृहात, पूलच्या टेबलाजवळ.

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले, ही गोष्ट वडील मोठ्या अभिमानाने सांगत. तेव्हापासून त्या हिरव्या टेबलाचे मला कुतूहल होते. पूल हा त्याच कुळातला खेळ. काठीने पांढरा चेंडू मारावयाचा व त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू खिशात धाडावयाचा. जन्मभर कॅरम खेळलेल्या मला तो कठीण वाटला नाही. प्रत्यक्षात मात्र माझा चेंडू दर वेळी खिशाच्या कडेवर आपटून माघारी येई.

तेथील देखरेख करणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी होता. भूमितीत तो मागे असे व माझी बोलणीही खात असे. तो अदबीने म्हणाला, "सर, चेंडू जिथं लागायला हवा, त्याच बिंदूवर तुम्ही नेम धरता. तिथंच चुकतं." मग त्याने आणखी एक चेंडू घेऊन तो लक्ष्य-चेंडूच्या मागे, खिशाच्या सरळ रेषेत, त्यास भिडवून ठेवला. "पांढरा चेंडू शेवटी इथं यायला हवा. आता हा मी उचलतो. तो इथंच आहे असं समजा आणि त्याच्या मध्यावर नेम धरा."

भूमिती स्वच्छ होती. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो. दोन चेंडू भिडले की त्यांच्या मध्यांत तेवढेच अंतर राहते. म्हणजे नेमाची जागा लक्ष्य-चेंडूवर नसून त्याच्या मागे अर्ध्या व्यासावर, रिकाम्या जागेत असते. मला ते क्षणात समजले. त्यानंतर ५० फटके मारले. साधले अवघे ११!

मग नेम केला. रोज सायंकाळी चेंडू त्याच जागी मांडावयाचे, नेमाच्या जागी कागदाची बारीक टिकली लावावयाची, ५० फटके मारावयाचे व आकडा वहीत लिहावयाचा. महिना लोटला तरी आकडा २० च्या पुढे सरकेना. मी नजरेला दोष दिला, चष्मादेखील बदलला. तेव्हा त्याने एकटा पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध समोरच्या कडेवर मारावयास सांगितले. फटका सरळ असेल, तर चेंडू परत येऊन काठीच्या टोकास लागतो. माझा वीतभर बाजूस गेला. दोष नजरेचा नव्हताच. चेंडू कोठे जातो हे पाहण्याच्या घाईत मी मान उचलीत होतो आणि कोपर वळत होते. तेव्हापासून नेम उभे राहूनच ठरवावयाचा, मग वाकावयाचे, आणि फटका पुरा होईपर्यंत मान हलवावयाची नाही, असे चालले. चौथ्या महिन्यात टिकली काढून टाकली. त्या सायंकाळी ३८ साधले.

या काळात त्या तरुणाने तीच गोष्ट मला शेकडो वेळा सांगितली असेल. पण "एवढे सोपे असून" हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. बुद्धीला एका क्षणात उमगते, पण हाताला उशिरा कळते, आणि ही मधली वाट ज्याची त्यालाच चालावी लागते. आपल्या घरी पाटीवर अडखळणारे लेकरू असेल, तर वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे.

"बाळ, वर्गात मी तुला फार बोललो," मी एकदा म्हणालो.

तो हसला. "कळत मलाही होतं, सर. पण वहीत उतरत नव्हतं." आणि त्याने चेंडू पुन्हा त्याच जागी मांडले.