शाई पोचत नाही तिथे

दुपारी साडेतीनच्या सुमारास खिडकीतले ऊन तिरपे होऊन टेबलावर उतरते आणि कोऱ्या कागदावर मी पाडलेल्या रेघा तेवढ्या वेळापुरत्या दिसू लागतात. शाईच्या नाहीत त्या. संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने, पट्टी धरून, कागद फाटणार नाही पण दबेल इतक्याच जोराने पाडलेल्या खाचा आहेत. दहा सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच कार्डावर अडीच-अडीच सेंटिमीटरवर तीन उभ्या, पाच आडव्या. वरून पाहिले तर कागद कोराच. ऊन कलले की प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली बसते, दुसरीला उजेड.

आणि कागदाची लादी होते.

ठसे उमटवून कार्डे करू लागले तेव्हा मी आधी चित्र उमटवायची, मग खाचा पाडायची. खाचेतही शाई असायची; चित्रावर कुणी हिशेबाच्या वहीतली चौकट आखल्यासारखे दिसायचे. एकदा क्रम उलटला. रबराचा ठसा फार दाबला नाही तर कागदाच्या वरच्या पातळीलाच टेकतो, खाचेत उतरत नाही. तो उचलला तेव्हा निळ्या वेलीच्या अंगावरून केसाएवढ्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. पानाच्या मधून, कळीच्या देठावरून, वळणाच्या ऐन टोकावरून. जणू कुणी ती वेल चोवीस तुकड्यांत भाजून काढली, मग एकेक तुकडा शेजारी बसवत मध्ये पांढरे सिमेंट भरले. खरे तर तुकडा एकही झाला नव्हता. हात फिरवला तर कागद अखंड होता, फक्त काही ठिकाणी शाई पोचली नव्हती.

त्या न पोचलेल्या शाईत मला माझे आजोळ दिसले.

रत्नागिरीच्या त्या घराच्या माजघरात नक्षीची लादी होती. भट्टीत न भाजलेली, साच्याच्या खणांत रंगीत सिमेंट ओतून दाबाने घडवलेली. असल्या लाद्या पूर्वी परदेशातून यायच्या. स्वदेशीच्या भरात त्या इथेच होऊ लागल्या, मुंबईच्या भारत टाइल्सचा जन्म १९२२ सालचा, त्याच भरातला. एका लादीवर फुलाचा पाव भाग. चार लाद्या एकत्र आल्या की फूल पुरे. पण फूल कोणत्या रंगाचे होते हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. तांबडे म्हणते, आणि लगेच वाटते, नाही, विटकरी. सांधे मात्र लख्ख आठवतात. दिवाळीतली रांगोळी पुसून गेली तरी तुळशीच्या लग्नापर्यंत सांध्यात उरलेली तिची गुलाबी भुकटी, सांडलेले दूध पसरण्याआधी सांध्यातून सरळ काटकोनात पळायचे ते, मुंग्यांची रांग कोपऱ्यातल्या सांध्यावरून जणू आखून दिलेल्या रस्त्याने देवघराकडे जायची ती, हिराची काडी घेऊन उकिडवी बसलेली आजी आणि तिच्या बांगड्यांचा लादीवर घासून येणारा बारीक आवाज, आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी, अंगाखाली चटईसुद्धा नको म्हणून गार लादीला गाल लावून झोपलेलो आम्ही सगळी भावंडे, चार वाजता उठायचो तेव्हा प्रत्येकाच्या गालावर सांध्याची एक रेघ उमटलेली असायची.

लादीने आमच्यावर ठसा मारलेला असायचा.

पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या लाद्यांच्या भिंती आहेत. पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग जोर्जी कोलासूने त्यांवर रंगवले, १९३५ साली. लोक त्यांच्याकडे चित्र म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मी तिथे सांध्यांपाशीच रेंगाळते. एकाच हाताचा दंड एका लादीवर, मनगट दुसरीवर. आणि त्या दोहोंमधल्या फटीवरून तो हात पुढे होतो, डोळ्याला ठेच लागत नाही. पोर्तुगीज या लाद्यांना अझुलेजु म्हणतात. निळा रंग पाहून तो शब्द निळाईचा वाटतो, पण तो आला अरबीतून, आणि त्याचा मूळ अर्थ चकाकता लहान दगड. हे कळले त्या दिवशी मला फार बरे वाटले. रंग नंतरचा. आधी स्पर्श, आधी तुळतुळीतपणा.

म्हणून कार्डावरही चकाकी हवीच. शाई सुकली की सावकाश वाळणाऱ्या पारदर्शक शाईचे पॅड हलकेच टेकवायचे, तेही फक्त वरच्या पातळीला. त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादा झटकायची, आणि खालून हीट गन धरायची. पांढुरका भुगा क्षणभर तसाच पडून राहतो. मग एका कोपऱ्यातून ओलसर होत जातो, विरघळतो, वेलीवर काचेसारखा पसरतो. दोन-तीन थर दिले की चौकोन फुगीर होतात आणि खाचा कागदाच्या कागदच, मऊ, निस्तेज राहतात. टेबलावरच्या या एवढ्याशा भट्टीपाशी मी दरवेळी श्वास रोखते.

आजोळचे घर आता नाही. त्या जागी चार मजली इमारत आहे, आणि तिच्यातल्या फरश्या इतक्या जवळ बसवलेल्या आहेत की मुंगीलाही वाट सापडू नये.

मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी तिला असेच कार्ड केले. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. निळी वेल तिला दिसणार नव्हती, हे ठाऊक असूनही मी ती मन लावून उमटवली. समारंभ आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, कार्ड तिच्या हातात दिले. तिने ते मांडीवर ठेवले आणि तर्जनी त्यावरून नेली. चकाकीवरून बोट घसरले, खाचेत अडखळले, पुन्हा घसरले, पुन्हा अडखळले. ती थांबली. मग परत पहिल्या कोपऱ्यापासून, अगदी सावकाश.

"अगं, माजघर ना हे?" ती म्हणाली.

मी हो म्हटले. तिचे बोट चालूच होते. उभे सहा, आडवे चार, असे तिने चौकोन मोजले. एकही चुकला नाही.